तांबड्या विंचवाच्या मुलखात

कोकणात उतरण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. पण देशावरच्या माणसाला कोकण एकदम पायाशी उघडे पडलेले पाहावयाचे असेल, तर त्याने भोरवरून वरंधा घाटाने महाडला जावे. भोर सोडले की नीरा-देवघर धरणाचे पाणी बराच वेळ सोबत करते. मग रस्ता वळणे घेत घेत झाडीत शिरतो, आणि वाघजाईच्या देवळापाशी एस. टी. थांबते न थांबते तोच समोरचा डोंगरच नाहीसा होतो. खाली दरी, दरीत सुपाएवढी शेते, आणि पलीकडे सह्याद्रीच्या एकापुढे एक निळसर होत गेलेल्या रांगा. कड्याच्या काठाला भज्यांच्या टपऱ्या आहेत. तेथे माणसांनी भजी घ्यावयाची आणि माकडांनी ती खावयाची, असा फार जुना करार असावा. माझ्या पुड्याच्या बाबतीत तो तंतोतंत पाळला गेला.

मी गेलो तो मे महिन्यात. हा रस्ता पावसाळ्यात बहुधा बंदच असतो आणि एरवीही दरडी, रुंदीकरण असे काही ना काही निमित्त त्याला पुरते. त्या दिवशी तो उघडा होता, हे माझे भाग्य. कॉलेजात मी सांगितले होते की, शिवथरघळ पाहावयास जातो आहे. मराठीच्या प्राध्यापकाने दासबोधाची जन्मभूमी पाहावयास जावे, यात कोणालाच वावगे वाटले नाही. मी विंचू पाहावयास चाललो आहे असे सांगितले असते, तर स्टाफरूममध्ये उरलेले सत्र मला त्यावर काढावे लागले असते.

पण खरे कारण तेच होते.

मराठीचा मास्तर आणि विंचू यांचा संबंध जुना आहे. एकनाथांचे विंचवाचे भारूड आम्ही दरवर्षी शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, वर्गातला एखादा नकलाकार मुलगा पुढे येतो, पाय धरून नाचतो, कण्हतो, आणि वर्ग हसून लोळतो. मग आम्ही गंभीर चेहरा करून सांगतो की, हा विंचू म्हणजे कामक्रोध, आणि त्याचा उतारा म्हणजे सत्त्वगुण. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो आणि मुलेही त्याचे हमखास उत्तर लिहितात. दहा-बारा वर्षांपूर्वी अशाच एका तासाला मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. ती महाडकडची. तास संपल्यावर ती टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, आमच्या घरी हे भारूड लावत नाहीत. रेडिओवर लागलं तर आई रेडिओ बंद करते. माझा थोरला भाऊ विंचवानं गेला. मी जन्मायच्या आधी."

विंचवाने माणूस मरतो, ही गोष्ट देशावरच्या माझ्यासारख्याला चटकन पटत नाही. आमच्याकडे विंचू चावला की माणूस रात्रभर ठणाणा करतो, शेजारी जमतात, कोणी कांदा चोळतो, कोणी मंत्र घालतो, आणि सकाळी तो माणूस चहा पितो. साप निराळा, विंचू निराळा. पण त्या मुलीचे वाक्य मनात राहिले. पुढे जमेल तसे वाचत गेलो, आणि वाचता वाचता असे ध्यानात आले की, या एका लहानशा प्राण्याच्या निमित्ताने एक फार मोठी गोष्ट घडून गेली आहे. ती घडली या घाटाच्या पायथ्याशी, बिरवाडी नावाच्या गावात आणि पलीकडच्या महाडात. आणि आपण मराठी माणसे तिच्याविषयी जितके बोलावयास हवे तितके बोललेलो नाही.

घाट उतरू लागलो की हवा बदलते. वरचा वारा वरच राहतो आणि अंगाला चिकट ऊन लागू लागते. माझेरी, वरंध अशी गावे मागे टाकीत गाडी बिरवाडीला येते. शेजारी महाडची औद्योगिक वसाहत वाढलेली, त्यामुळे गावाला अर्धे खेड्याचे आणि अर्धे कारखान्याचे असे रूप आले आहे. रस्त्याने टँकर धावतात आणि त्यांच्या मधूनच एखादी बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन शांतपणे निघालेली असते. पावसाळ्याची बेगमी चाललेली असते ना! चहाच्या टपरीवर मी सहज विषय काढला. टपरीवाला म्हणाला, "इंचू? त्या मोळीत असंल की एखादा." आणि त्याने कपात चहा ओतला. विंचवाकडे पाहण्याची त्या गावाची रीत मला त्या एका वाक्यात कळली.

विंचवांत भेद आहेत. मोठा काळा विंचू दिसावयास भयंकर. नांग्या अशा की खेकड्याला लाजवतील. आपल्या भाषेने 'इंगळी' हा जहाल शब्द मोठ्या विंचवासाठी राखून ठेवला आहे. परंतु काळा मोठा विंचू वेदना देतो. जीव सहसा घेत नाही. जीव घेणारा आहे तो तांबडा, बारीक नांग्यांचा, दोन-तीन इंचांचा. पाहिला तर कीवच यावी असा. शास्त्रज्ञांनी त्याच्या नावात 'तमुलस' हा शब्द घातला आहे. कोकणात तो कातळाच्या सांदीत, कौलांखाली, पेंढ्यात, गोवऱ्यांत आणि काढून ठेवलेल्या वहाणेत राहतो. उन्हाळ्यात आणि भातकापणीच्या दिवसांत त्याची माणसाशी गाठ पडते. त्याची आणि माणसाची राहण्याची जागा एकच. त्यातही गरीब माणसाची. सिमेंटच्या गिलाव्याला भेग नसते, कुडाच्या भिंतीला असते.

१९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर नोकरीवर आले. नाव हिम्मतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरिबीत वाढलेले, मजुरी करीत शिकलेले, नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले. त्यांचे 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मकथन ज्यांनी वाचले असेल त्यांना हा प्रवास ठाऊक आहे. बिरवाडीत त्यांनी पाहिले ते असे: संध्याकाळी विंचू चावलेला धडधाकट माणूस किंवा खेळते पोर येते, आधी ओकाऱ्या, मग घामाने अंग न्हाऊन निघते, तोंडाला लाळ सुटते, मग हातपाय बर्फासारखे गार पडतात, छाती धडधडते, आणि काही तासांत धाप लागून, तोंडाला गुलाबी फेस येऊन ते जाते. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत विंचवाला मिळाल्या होत्या चार ओळी. विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी होते, हे डॉ. मुंडले यांनी १९६१ सालीच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले होते. पण लिहिलेले वाचून पुढे पाऊल टाकावे असे वीस वर्षांत फारसे कोणाला वाटले नव्हते. दरम्यान रोग्यांना अँट्रोपिन दे, स्टेरॉइड दे, गुंगीच्या औषधांचे मिश्रण टोच, असे चालले होते, आणि गंभीर विंचूदंश झालेल्या शंभरांतले २५ ते ३० जण मरत होते.

बावस्करांनी केले ते सांगावयास फार साधे आहे. ते रोग्याजवळ बसले. रात्र रात्र बसले. किती वाजता घाम सुटला, किती वाजता पाय गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती, हे टिपत गेले. आमच्या साहित्याच्या क्षेत्रात संशोधन म्हणजे पोथ्यांवरची धूळ झटकणे. तीतही रात्री जातात, पण पोथी पहाटे मरत नाही. त्या टिपणांवरून त्यांनी लिहिलेले पत्र १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. कोणत्या खुणा दिसल्या म्हणजे हा रोगी हृदयावर जाणार, याचा तो इशारा होता. रडण्याओरडण्यापेक्षा घामाकडे पाहा आणि तळपायाला हात लावा, असे त्याचे मराठीत सार काढता येईल.

पुढचा प्रश्न होता उताऱ्याचा. तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंच्या टोकांशी जाऊन शरीराच्याच संप्रेरकांचा पूर सोडते. माणूस घाबरला, पळाला की जी द्रव्ये रक्तात थोडी थोडी उतरतात, ती येथे एकदम लोंढ्यासारखी येतात. त्यांनी रक्तवाहिन्या आवळतात. हातपाय गार पडतात ते म्हणूनच. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. एवढे उमगल्यावर औषध कोणत्या जातीचे हवे हे ठरले: आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे. तसे एक औषध रक्तदाबाच्या रोग्यांसाठी बाजारात होतेच. प्राझोसिन. साधी, स्वस्त, तोंडाने घ्यावयाची गोळी. ती द्यावयाची, रोग्याला उताणे पडून राहावयास लावावयाचे, आणि हातपाय ऊबदार होईपर्यंत तीन-तीन तासांनी पुन्हा द्यावयाची. त्याविषयीचे लेखन १९८६ साली पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच आले. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा बरोबरीचा वाटा आहे. अनेक शोधनिबंधांवर दोघांची नावे आहेत. मृत्यूचे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास आले. शंभरांत तीस आणि शंभरांत एक, यांच्यामध्ये एक गोळी आहे.

यानंतरही ते थांबले नाहीत, हे मला अधिक मोलाचे वाटते. पुढे मुंबईच्या हाफकिनने घोड्यांच्या रक्तापासून विंचवावरची लस केली. ती गोळीच्या जोडीला दिल्याने फायदा होतो का, हे महाडच्या त्यांच्या रुग्णालयातच तपासले गेले. ७० रोगी, चिठ्ठी काढल्यासारखे दोन गटांत वाटलेले. गोळी आणि लस दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसती गोळी मिळालेल्या ३५ पैकी ८. हा निबंध २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. आपली स्वतःची गोळी उणी पडते का, हे स्वतःच मोजून जगाला सांगणे, हे आमच्या क्षेत्रात तर मी फारसे पाहिलेले नाही. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

महाडला मी पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. त्यांच्या दवाखान्यावरून गेलो, पण आत गेलो नाही. अंगात रोग नसताना डॉक्टरपुढे जाऊन बसावयाचे आणि बाहेर खोळंबलेल्या रोग्याचा वेळ खावयाचा, हा आम्हा लेखक मंडळींचा उद्योग मला मनापासून आवडत नाही. त्याऐवजी मी चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ रोजी ज्या पाण्याला आंबेडकरांनी हात लावला ते पाणी उन्हात चकचकत होते. काठावर काही मुले पाय सोडून बसली होती. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या मिठीत वसलेले हे गाव. २०१६ साली सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, २०२१ च्या जुलैत सारे शहर पाण्यात उभे राहिले. संकट कधी मोठ्या आवाजाने येते, मग त्याच्यामागे मंत्री, वार्ताहर, मदतीच्या गाड्या येतात. विंचवाचे संकट आवाज करीत नाही. ते रात्री, एकट्यादुकट्याच्या घरी, पडवीत येते.

संशोधनाचे अग्रक्रम कोण ठरवते, हा प्रश्न त्या तळ्याच्या पायऱ्यांवर मला पहिल्यांदा पुरता उमगला. १९९० साली आरोग्यसंशोधनाविषयीच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने हिशेब मांडला होता. टाळता येण्याजोग्या मरणांचा शेकडा नव्वदांहून अधिक भार गरीब देशांवर. आणि जगातल्या आरोग्यसंशोधनाचा पैसा या देशांच्या प्रश्नांवर खर्च होई तो शेकडा पाचच्या आसपास. यात कोणी दुष्ट असण्याची गरज नाही. लंडनच्या प्रयोगशाळेतला माणूस लंडनच्या रोगावर काम करतो. औषधाची कंपनी गिऱ्हाइकाच्या खिशाकडे पाहते. कुडाच्या घरात राहणाऱ्याचा खिसा तिला दिसत नाही. गंमत पाहा, याच तांबड्या विंचवाच्या विषातून १९९० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 'आयबेरिओटॉक्सिन' नावाचे द्रव्य वेगळे काढले. पेशींच्या भिंतीतली पोटॅशियमची दारे कशी उघडतात-मिटतात हे पाहण्यासाठी ते फार उपयोगी, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा ते विकत घेतात. विंचवाला जगाच्या बाजारात भाव होता. तो ज्याला चावला त्याला नव्हता.

तज्ज्ञ मंडळी आता याद्या करतात. जागतिक आरोग्य संघटनेची उपेक्षित रोगांची एक यादी आहे. सर्पदंशाला तीत जागा मिळाली ती २०१७ साली. एकट्या भारतात सापाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मरतात, असा या शतकाच्या पहिल्या दोन दशकांचा अंदाज आहे. त्या यादीच्या दारात इतकी माणसे मरून पडली तेव्हा कोठे दार उघडले. विंचू अजून बाहेरच आहे. जगभर वर्षाला सुमारे बारा लाख माणसांना तो दंश करतो आणि तीन हजारांवर माणसे मरतात, असा २००८ सालचा एक अंदाज आहे. सापाच्या मानाने हा आकडा लहान. म्हणून तो यादीत मागे. आकड्यांच्या रांगेत उभे राहण्याचा हा न्याय समितीच्या टेबलावर बरोबरच असेल. पण बिरवाडीत त्या तरुण डॉक्टरांनी आकडा कितवा हे पाहिले नाही. दारात काय आले ते पाहिले. मला वाटते, याद्या करणाऱ्यांनी निदान एक रकाना अशा डॉक्टरांसाठी मोकळा ठेवावा. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीने माणसे मरत असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले आणि मृत्यू शंभरांत तीसवरून चारच्याही खाली आणले. तेही कोणत्या यादीत बसून झालेले नव्हते. अर्थात त्या पाण्यामागचे शास्त्र आधी प्रयोगशाळेत सिद्ध झालेले होते आणि प्राझोसिनही कोणा कंपनीनेच शोधलेले होते, हे विसरून चालणार नाही. घाट चढावयाला रस्ता आधी कोणीतरी फोडलेला असावा लागतो.

संध्याकाळी माझी विद्यार्थिनी मला न्यावयास स्टँडवर आली. आता ती स्वतः शाळेत मराठी शिकवते. सुट्टीला माहेरी आली होती. रिक्षाने डांबरी सडक संपेपर्यंत, मग पायी, अशी आम्ही तिच्या वाडीवर पोहोचलो. कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेले अंगण, एका बाजूस रचलेली लाकडे, दुसऱ्या बाजूस पेंढ्याची उडवी. घरातले निम्मे पुरुष मुंबईत, ही कोकणची रीतच. तिची आई सत्तरीकडे झुकलेली. अंगाने वाळलेली, पण आवाज खणखणीत. मी 'मावशी' म्हणालो, ती मला 'गुरुजी' म्हणाली. तांदळाची भाकरी आणि कुळथाचे पिठले वाढून होईपर्यंत तिने मला विंचवाचे नाव काढू दिले नाही. मग आपणच पडवीत येऊन बसली.

"एक्याऐंशी साल व्हतं," ती म्हणाली. "माझा बाळू सहा वर्सांचा. दिवेलागणीला लाकडं आणाया गेला, हाताला चावला. लय रडला. ह्यांनी भगताला आणला. भगतानं मंतर घातला, राख लावली. मधान्रातीला पोराचं रडणं थांबलं. भगत बोलला, उतरला. आमी सगळी निजलो."

ती थांबली. तिच्या मुलीने मान खाली घातली होती.

"मी त्येच्या अंगाला हात लावून निजलेली. हात वला लागला म्हणून जागी झाले. घामानं गोधडी भिजलेली, नि पाय असं गार. दगडासारखं. मग दम लागला. तवा हितं रस्ता नव्हता. डोली केली. सडकंपातूर गेलो, तांबडं फुटलं व्हतं. यष्टी यायची व्हती अजून."

एवढेच. मी पुस्तकांत वाचलेली सारी लक्षणे त्या बाईने अंधारात, हाताने वाचली होती. आणि एकही चुकली नव्हती. वेदना ओसरणे म्हणजे विष उतरणे नव्हे, हे तिला त्या रात्री कोणी सांगितले असते तरी देण्याजोगी गोळी १९८१ साली कोणाकडेच नव्हती. मांत्रिकाचे यश कशात आहे तेही मला तेथे समजले. चावलेल्या बहुतेकांचा ठणका आपोआपच ओसरतो. मंत्र त्या ओसरण्यावर आपली सही करतो. जो मरतो त्याच्यावर सही नसते.

धाकटा मुलगा १९८४ सालचा. तो अकरा वर्षांचा असताना, म्हणजे १९९५ च्या उन्हाळ्यात, त्याच्या पायाला चावला. याच अंगणात. या वेळी बापाने भगताकडे पाहिले नाही; शेजाऱ्याच्या जीपमधून पोराला तडक महाडला नेले. वाटेतच त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या. मावशी म्हणाली, "मी वाटेत त्येचा पाय सोडला न्हाई हातातला. गारच व्हता. डॉक्टरनी येवढीशी गोळी दिली." तिने करंगळीच्या नखाचा अर्धा भाग दाखवला. "मला वाटलं, येवढ्याशा गोळीनं काय व्हतंय? उताणा निजवला. उठू दिला न्हाई. परत गोळी, परत गोळी. उजाडायला पाय हातात गरम लागला गुरुजी. मी मग तितंच रडले. समदी बोलली, पोर वाचलं तर ही रडती कशाला."

तो मुलगा आता चाळिशीचा आहे आणि दोन पोरांचा बाप आहे. तो बाजूलाच बसून हे ऐकत होता. आपल्याविषयी चालले आहे याची त्याला लाज वाटत असावी. मी मावशीला विचारले, त्या गोळीचे नाव आठवते का? तिला आठवत नव्हते. मुलालाही नाही. तिच्या घरात कोणालाच त्या डॉक्टरांचा निबंध कोठे छापून आला ते ठाऊक नव्हते. मी 'लॅन्सेट'चे नाव सांगितले, तेव्हा तिने विचारले, "ते मुंबईला व्हय?"

मग तिनेच मला एक प्रश्न टाकला. "गुरुजी, तुमी ते भारूड शिकवता म्हनं. त्यात चावल्यावर काय करायचं ते सांगितलंय का?" सांगितले आहे, मी म्हणालो, पण ते मनाच्या विंचवाविषयी. ती हसली. त्या संध्याकाळी ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली. "मनाचा निराळा," ती म्हणाली. "त्येला यष्टी चुकली तरी चालती."

सध्याचे काय, असे मी मुलाला विचारले. तो म्हणाला, गोळी असते, लोकांनाही आता कळते. पण वरच्या वाड्यांवर अजून काही जण आधी भगताकडे जातात, आणि रात्री गाडी मिळणे अवघडच. औषध सापडले म्हणजे संशोधन संपले असे आपण समजतो. ते पायवाटेवरून त्या शेवटच्या घरापर्यंत कसे न्यावे, आणि पहिल्या तासाभरात कसे न्यावे, हाही संशोधनाचाच विषय आहे. कदाचित आज तोच पहिला असावा. पण त्याला प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून त्याला कोणी शास्त्र म्हणावयास तयार होत नाही.

निजावयाच्या आधी मुलगा आतून एक विजेरी घेऊन आला. तिचा उजेड जांभळा होता. "चला सर, गंमत दाखवतो." आम्ही अंगणात उतरलो. त्याने तो उजेड दगडी गडग्यावर फिरवला आणि एका सांदीत काहीतरी हिरवट-निळे लखलखले. काजव्यासारखे, पण न मिचकणारे. विंचवाच्या पाठीच्या कवचात अशी काही द्रव्ये असतात की अतिनील प्रकाशात ती चमकतात. नांग्या, शेपटी, शेपटीच्या टोकाचा तो आकडा, सारे काचेत कोरल्यासारखे दिसत होते. मी जन्मात इतकी सुंदर भयानक वस्तू पाहिली नव्हती. त्याची दोन्ही पोरे मागून माना काढून पाहत होती. त्यांना हा रोजचा खेळ असावा.

"पोरं अंगणात खेळतात म्हणून घेतली," तो म्हणाला. "रोज जेवण झालं की एक फेरी मारतो."

गडग्यात आम्हाला दोन सापडले, लाकडांच्या रचाईत एक. ते त्याने लांब चिमट्याने उचलून डब्यात टाकले. चौथा उडवीच्या बुडाशी दिसला. पण चिमटा पोहोचेपर्यंत पेंढ्यात शिरला. त्याने बराच वेळ उजेड धरून ठेवला. तो बाहेर आला नाही. आतून मावशीने हाक मारली, "वहाणा झटकून मग घाला रे, गुरुजींना पण सांग."